सतरावा घाणा

पिरंगुटच्या शेडमध्ये रात्री अडीच वाजता
पाचशे लिटरच्या टाकीत सदतीस अंश.
बाहेर घाटातल्या कुत्र्यांना डिसेंबरची हुडहुडी,
आत ह्यांना बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब.
दौंडकडची मळी, चिमूटभर क्षार, गाळलेली हवा,
आणि न दिसणारे इतके जीव
की शिरगणतीला शून्यं पुरत नाहीत.

त्यांच्या पोटात आम्ही चार वाक्यं घातली आहेत,
कुठल्या चिखलातल्या, कुठल्या तळ्यातल्या
दुसऱ्याच जंतूंकडून उसनी आणून, टाचून बसवलेली.
अर्थ साधा आहे: साखर खा,
फार वाढू नकोस,
उरेल त्याचं ब्युटेनडायॉल कर.
नाव उगाच मोठं.
लक्ष्मी रोडच्या दुकानात बायका लेगिंग
दोन्ही हातांनी ताणून बघतात ना,
सोडली की ती मुकाट जागेवर येते,
ते जागेवर येणं ह्याच्यातून निघतं.

आबा हेच बनवायचे, कुरकुंभला.
लोखंडाच्या पोटात, दाबाखाली, फॉर्मलिन ओतून.
तिसऱ्या पाळीहून लाल डोळ्यांनी परतायचे
आणि आई शेजारणीला सांगायची,
आमच्या ह्यांना धुळीचं वावडं आहे.
त्यांचा शर्ट आम्ही वेगळ्या बादलीत भिजवायचो.

दिवाळीत त्यांना इथे आणलं,
टाकीला कान लावा म्हटलं.
लावला.
"ताक घुसळल्यासारखं वाजतंय की.
ह्याला कारखाना म्हणायचं?"
मग वास घेतला. पुन्हा घेतला.
नाक पुसलं रुमालाने, सवयीने,
आणि चांदणी चौक येईपर्यंत
गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

आज एकाहत्तराव्या तासाला आलेख बसला.
साखर संपतेय, जंतू वाढताहेत, माल नाही.
मुजावरने नमुना दोनदा काढला, तिसऱ्यांदा काढला,
यंत्राला शिवी दिली, मग यंत्राची माफी मागितली.
परचुरे बाईंना झोपेतून उठवलं.
त्या फोनवर एवढंच म्हणाल्या,
"टाकलं का त्यांनी?"

टाकलं.
कुणीतरी एकाने, कधीतरी परवा,
चार वाक्यांतलं एक अक्षर गाळलं.
पाठीवरचं ओझं उतरलं, तो सुटला,
अर्ध्या तासात दोन, तासाभरात चार,
आणि प्रामाणिक होते ते
पाझरत, राबत, गर्दीत मागे मागे.
खाल्ल्या साखरेला जागले नाहीत, मुजावर म्हणाला.
मी हसले. हसायला नको होतं,
सतरा लाखांचा घाणा होता.

नोंदवहीत कारणाचा रकाना असतो.
दूषित. वीज गेली. पंप बंद.
संप, असं लिहायची सोय नाही.
आबांनी बत्तीस वर्षांत एकदाच हात वर केला होता
गेटसमोर, दीड दिवस.
मग माझी अकरावीची फी आली
आणि त्यांनी तो खाली घेतला.
तेव्हाचा त्यांचा खांदा मला आठवत नाही,
पावती आठवते, गुलाबी होती.

मी लिहिलं: उत्पादनक्षमता घटली.
सही, वै. दोरगे.

आता नियम. एकशे एकवीस अंश, अर्धा तास वाफ.
जिवंत काही इथून मुळा नदीत जाता कामा नये,
नदीला विचारलेलं नाही.
झडप जड आहे, दोन हातांनी फिरवावी लागते.
फिरवली.
टाकी आधी कण्हल्यासारखी झाली, मग शिट्टी,
मग कुकर उतरवल्यावर असते तशी शांतता
आणि करपल्या गुळाचा वास, शेडभर, केसांत.

मुजावरने चहा आणला. बिनसाखरेचा.
उद्या अठरावा घाणा.
उणे ऐंशीच्या कपाटात
माझ्या अक्षरातलं लेबल लावलेली कुपी आहे,
करंगळीएवढी, पांढरी पडलेली.
तिच्यातल्यांना
अजून काही सुचलेलं नाही.