बारा नंबर

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
मला दिसले निहारच्या सातव्या वर्षी,
न्हाणीतून पळत आला तेव्हा
फरशीवरच्या ओल्या ठशांत.
अख्खं पाऊल. मध्ये कुठेच
कोरडी जागा नाही,
लाटलेल्या पोळीसारखं.

नाना पेठेत, पत्र्याच्या गोदामामागे
मोमीनभाई सँडल करतात.
भिंतीला लाकडी साचे टांगलेले,
एकावर पेन्सिलीनं : खळदकर, फक्त डावा.
निहारला त्यांनी खडूच्या भुकटीवरून चालवलं,
मग त्याचे शाळेचे बूट उलटे करून
टाचा दाखवल्या, आतल्या अंगानं झिजलेल्या.
"दुखत नसतं तर घरी पाठवलं असतं.
पुष्कळ पोरांची कमान आपोआप भरते.
शाळेला हे घालू दे. घरी वाळूत चालव, अनवाणी."

वाळू? आमच्या धायरीत
वाळू म्हणजे बांधकामाची,
आणि तीही आता दगडाचा चुरा.

"ताई, तुम्ही पण चाला."
मी कशाला?
मी लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात असते,
गादीपाशी चप्पल चालत नाही,
दहा तास संगमरवरावर,
परक्या खांद्यांवर पदर टाकत.
सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकलं
की टाचेत खिळा शिरतो,
चहा होईस्तोवर निघतो.
मला वाटायचं, सगळ्यांनाच असतो.

चालले.
भुकटीत एक मोठी पोळी, तिच्या शेजारी एक लहान.
निहार उकिडवा बसून बघत राहिला,
मग म्हणाला,
"आई, तू माझ्यावर गेलीयस."

मोमीनभाईंनी दोघांचीही मापं घेतली.
माझ्या जोडीचे पैसे दोन हप्त्यांत.
शेठना सांगितलं, रस्त्याला न लागलेल्या आहेत,
दुकानातच ठेवीन, पिशवीत.
ते बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच बघितले असावेत.
मग म्हणाले, काउंटरच्या आतच घाला.

तळव्याखाली आता एक उंचवटा आहे.
पहिले दोन दिवस तो खुपला,
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
मी जिन्यानं उतरले, कठडा न धरता.

रात्री दारात दोन जोड शेजारी शेजारी.
निहार पालथे करून आकडे वाचतो :
"तुझा सहा. माझा बारा."
लहान मुलांची मापं वेगळी असतात
हे मी त्याला सांगत नाही.
"डबल," तो म्हणतो,
आणि पायांवर पांघरूण ओढून घेतो.