बदल नाही

दर बुधवारी साडेदहाला मी दाल बाजारात असते.
दुकानं ठरलेली, क्रम ठरलेला, माल तर अगदीच ठरलेला:
तूरडाळ, मध्यम दाण्याची, सुटी, एक किलो.
तिच्यापेक्षा शेजारच्या पोत्यातली बरी, असं मला म्हणायचं नसतं.
झामनदास मला बघून गिऱ्हाइकांना सांगतो,
"आल्या भाव लिहिणाऱ्या बाई. ह्या घेत काहीच नाहीत."

घेत नाही, खरं आहे.
चार वर्षं लश्करच्या गल्ल्यांतून मी एक टोपली फिरवतेय
जी कुणीच घरी नेत नाही.
तिच्यात थोडं घासलेट, थोडं घरभाडं,
बसचं तिकीट, बांगड्या, खोकल्याचं औषध.
कुठल्याशा जुन्या पाहणीत कुणी सांगितलेल्या खर्चाइतकं
प्रत्येकाचं वजन.
त्यानंतर आमच्या आळीत तीन घरी इंटरनेट आलं,
एका घरातून दूध गेलं.
टोपलीला अजून कुणी कळवलेलं नाही.

पिशवीत माझ्याजवळ हुकाचा काटा असतो.
नया बाजारात बिस्किटाचा पुडा तोच, दहा रुपये तेच,
वेष्टण उलट जास्तच फुगलेलं.
काट्यावर अकरा ग्रॅम कमी.
दुकानदार म्हणाला, "दाम तो वही है, मॅडम."
मी अकरा ग्रॅमचे पैसे काढून भावात मिळवले.
त्यानं देशाचा आकडा हलला असेल तर
मुंगी चालल्यानं बुरूज हलावा तितका.

टोमॅटो मात्र त्याला गदागदा हलवतो.
कुठे दूर दक्षिणेत पाऊस तीन दिवस जास्त थांबला,
कुठे डिझेल, कुठे लग्नसराई.
आणि कधी कधी काहीच नाही,
फक्त गेल्या वर्षीचा जुलै इतका महाग होता
की यंदाचा त्याच्या शेजारी उगाच गरीब दिसतो.

सासरे पेपरची घडी करतात.
"महागाई उतरली म्हणे. मग लौकीचा भाव का नाही उतरला?"
मी उरवाईच्या चढाकडे बोट दाखवते:
गड चढणारा टेम्पो दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर आला.
वेग उतरला. टेम्पो नाही उतरला.
"म्हणजे वरच जाणार."
हळू जाणार, म्हणते मी.
त्यांच्या टोपलीत नऊ गोळ्या, अर्धा लिटर दूध आणि हा पेपर.
सरासरी त्यांना कधी भेटलेली नाही.
मलाही नाही, आणि मी तिच्याकडेच नोकरीला आहे.

शेवटचं दुकान जनकगंजात, हरगोविंद सेनचं.
आत बायका जात नाहीत, म्हणून पायरीवरूनच विचारते.
कटिंग, साधी, मोठ्या माणसाची?
"साठ."
सदतीस महिने साठ.
एवढ्यात ब्लेड वाढलं, ते मी लिहिलंय.
वीज वाढली, तीही लिहिली.
समोर एसीवालं सलून निघालं; त्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
"सत्तर केले तर येतील का हो लोक?"
भाव विचारायचा, भावाला हात लावायचा नाही,
असं प्रशिक्षणात सांगितलेलं.
तो रिकाम्या खुर्चीवरचं कापड झटकतो, पुन्हा घालतो.
त्याची भीती दर महिन्याला माझ्या कागदावर
स्थैर्य म्हणून उतरते,
आणि वर कुठेतरी कुणाला तरी जरा बरं वाटतं.

लिहिलं: साठ. शेरा, बदल नाही.

"आजोबा येईनात हल्ली," तो म्हणाला.
गुडघे, म्हटलं मी.
त्यांचे केस वर्षभर मीच कापतेय,
रविवारी, गच्चीवर, कोथिंबिरीच्या कात्रीनं,
हे कुठल्याच रकान्यात येत नाही.