चार चाळीस

वर्किंग्टनला त्या दिवशी आयरिश समुद्राकडून वारा होता,
आडवा. गाडीचं दार दोनदा अंगावर आलं.
सतरा नंबर. ग्रेटा टायसन. काम: जुना मीटर काढणे, नवा लावणे.

जिन्याखालच्या कपाटात गुडघे टेकून
मी आधी टॉर्च फिरवतो, सवय आहे.
झाडू, रंगाचे डबे, जोडीचा हरवलेला एक बूट,
आणि दाराच्या आतल्या अंगाला शिसपेन्सिलीचे आकडे,
दर रविवारचे, एकोणीसशे एक्याऐंशीपासून.
शेवटचा मार्चमधला. त्याखाली कोरं लाकूड.

"विल्फचं," ती म्हणाली. "कंपनीवर त्याचा विश्वास नव्हता."
माझ्यावरही नसता.
काळ्या पेटीत तांबड्या खुणेची चकती फिरत होती
उरलंसुरलं दळण दळावं तशी, निवांत.

मी सांगितलं, आता सील तोडतो, मुख्य फ्यूज ओढतो,
वीसेक मिनिटं वीज नसेल.
आणि मधे एक आयसोलेटर बसवून देतो,
म्हणजे पुढे कुणा वायरमनला काम करायचं झालं
तर आमची वाट बघायला नको.
"तो कशापासून वेगळं करतो?"
रस्त्यापासून, म्हटलं. घर रस्त्यापासून.
"त्याला बटण लागतं होय?"

फ्यूज निघाला.
फ्रिजने एक उचकी दिली आणि गप्प झाला.
चकती थांबली, तांबडी खूण नेमकी समोर.
वरच्या मजल्यावरून कसलाच आवाज आला नाही,
पण तिने वर पाहिलं.

जाड वायरी, नवी पेटी, स्क्रू पिळायचा, पुन्हा पिळायचा.
वीज आली. नव्या मीटरवर पाच शून्यं.
आता लिहायला नको, म्हटलं, हा आपणच कळवतो.
तिने पेन्सिल आणली. तारीख घातली.
पोराला पाटीवर काढून दाखवावीत
तशी एकेक करून पाच शून्यं काढली.

मग म्हणाली, जरा वर येता?
त्याच्या बाजूच्या उशीशी जुनं रेडिओ-घड्याळ
बारा, बारा, बारा असं लुकलुकत होतं.
त्यात गजर होता पहाटे चार चाळीसचा,
रुळांच्या कारखान्यातल्या पाळीचा.
कारखाना बंद पडला, गजर वाजत राहिला.
तो गेला, गजर वाजत राहिला.
"मला तो बंद करता येत नव्हता,"
ती म्हणाली, आणि मी पाहिलं,
बंद करायचं बटण वरच होतं, सगळ्यांत मोठं.

मी वेळ लावली. अकरा वाजून सहा.
गजर?
बाहेर वारा शेजारणीची चादर दोरीसकट ओढत होता.
"सात," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने,
"साडेसात. चार चाळीस मला कधीच आवडलं नाही."

निघताना आयसोलेटरवर पट्टी चिकटवली:
वर चालू, खाली बंद.
तिने चष्मा लावून वाचली, बोट जवळ नेलं,
टेकवलं नाही.
"आहे ना," म्हणाली. "बास."