घरापासून लांब

पत्र आलं ते माझ्या नावाचं नव्हतंच.
गाडीच्या आधीच्या मालकाचं, त्याच्याही जुन्या पत्त्याचं,
पोस्टातल्या कुणीतरी पेन्सिलनं दोनदा खोडून
थंडर बेपर्यंत आणून पोचवलेलं.
आत लिहिलं होतं: ब्रेकच्या यंत्रात
तेल आतल्या आत झिरपतं,
सर्किटपर्यंत पोचलं तर गाडी पेटू शकते,
बंद असतानाही.
दुरुस्ती होईपर्यंत कृपया
घरापासून लांब, उघड्यावर उभी करा.

ते 'कृपया' मी दोनदा वाचलं.

गॅरेजच्या माथ्यावर ओनीची खोली.
त्याच रात्री गाडी बाहेर काढली,
अंगणाच्या टोकाला बर्चपाशी नेऊन ठेवली.
झाडाला काही विचारलं नाही.

डीलरकडे फोन केला. काउंटरवरचा डेल म्हणाला,
पार्ट यायचाय.
कधी?
यायचाय.
या क्रियापदाला तारीख नसते
हे कळेपर्यंत डिसेंबर लागला.

मग उणे एकतीस.
इथल्या गाड्यांना रात्री वीज पाजावी लागते,
नाहीतर सकाळी इंजिनाचा दगड.
आमची वायर गॅरेजच्या भिंतीतून निघते
आणि चौदा पावलांत संपते.
गाडी तीस पावलांवर.
घरातली दुसरी जोडली, तरी हातभर कमीच.
शेजारचे राउतिओ आजोबा एक शब्द न बोलता
आपली नारिंगी वायर घेऊन आले,
सांध्यांवर ब्रेडच्या पिशव्या बांधल्या,
आणि जिच्या विजेची धास्ती
तिलाच रात्रभर वीज द्यायची सोय लावून
आम्ही आपापल्या घरी गेलो.

तीनला जाग यायची.
गमबूट, कोट, बर्फातून तीस पावलं,
हातमोजा काढून बॉनेटवर तळवा.
गार लागलं असतं तर जीव भांड्यात पडला असता,
पण हीटरची थोडी ऊब असायचीच.
किती ऊब म्हणजे ठीक,
ते पत्रात नव्हतं.

एकदा ओनीनं वरून खिडकी उघडली.
आई, ती आजारी आहे का?
नाही रे, म्हटलं, तिला बोलावणं आलंय.
आणि जीभ चावली.

पार्ट मार्चमध्ये आला.
अकरा मिनिटं लागली. मी घड्याळाकडेच बघत होते.
नोरीन वाबूसनं कोपरापर्यंत काळ्या हातानं
जुना फ्यूज माझ्या तळव्यावर ठेवला,
पेपरमिंटच्या गोळीएवढा.
चाळीसचा होता, पंधराचा घातलाय.
म्हणजे गळती थांबेल?
छे, गळती तशीच.
आता आग लागायच्या आधी हा मरेल, एवढंच.
मग बिल पुढे सरकवलं, शून्य डॉलर,
आणि म्हणाली, इथे सही.
पेन चालेना. थंडीनं गोठलं होतं.
तिनं तोंडाजवळ धरून त्यात फुंकर घातली.

घरी आले आणि सवयीनं बर्चपाशीच लावली.
बराच वेळ तशीच बसून राहिले.
मग गॅरेजच्या दारापर्यंत आणली.
आत नेली नाही. त्या रात्री तरी नाही.

राउतिओंची वायर पुसली, गुंडाळली,
पिशव्यांच्या गाठी नखांनी सोडवल्या,
सोबत एक वेलचीचा पाव घेतला
आणि द्यायला गेले.
ते दारातच उभे, चष्मा कपाळावर,
हातात पत्र. थेट त्यांच्याच नावाचं,
खाडाखोड नसलेलं.
वायर घेतली, पाव घेतला,
माझ्या मागे अंगणाकडे बघितलं.
म्हणाले, तुझ्याही दोन्ही लागतील.

रात्री तीनला जाग आली.
काही कारण नव्हतं.
खिडकीतून दिसलं, त्यांच्या कुंपणापाशी
एक टॉर्च हलतोय, थांबतोय,
पुन्हा हलतोय.
गमबूट पायात सरकवले.
हातमोजा वाटेतच काढला.