सातवा रकाना

वायुसेनानगरच्या गेटला लागून
जाळीच्या खिडकीमागे मी बसतो.
आत क्वार्टर नाही, याचा दाखला देतो.
बाहेर कुठे आहे, ते सांगायला रजिस्टर उघडतो.
बावीस वर्षं झाली. हे तिसरं रजिस्टर,
आधीची दोन वाळवीने नेली.

मालक, पत्ता, खोल्या, भाडं,
पाणी, गेटपासून अंतर,
आणि सातवा रकाना: अटी.
सहा रकाने बोटभर रुंद.
सातव्याला मी पहिल्याच वर्षी
शेजारचं अख्खं पान देऊन टाकलं.

दाभा, झाडे गुरुजी: रात्री दहाला फाटक बंद.
आणि नाइट ड्युटीवाल्यानं?
"उडी मारा लागते जी," हसत म्हणाले.
हजारीपहाड, बोदेले बाई: भिंतीला खिळा नाही.
वाडी, ढोबळे: कूलर लावल्यास दोनशे जादा.
न लावल्यास काय, ते मे महिना सांगतो.
काटोल रोड: अंडं चालेल,
टरफलं पिशवीत घालून दूर टाकावी.

तसे सगळे खूश असतात.
"पोरं चांगली तुमची. एक तारखेला भाडं,
अन् तीन वर्षांत बदली.
बदलीचा माणूस घर गिळत नाही."
मग जाळीला नाक टेकवून, हळूच,
"पण नाव विचारून पाठवत जा बाप्पा. पूर्ण नाव."

हे मी लिहीत नाही. त्याला रकाना नाही.
मालकाच्या नावाआधी
पेन्सिलीचा एक ठिपका देतो फक्त,
माझा मला कळणारा.

कॉर्पोरल बिनय तिर्कीला
ठिपके चुकवत चुकवत
मी खडगावच्या पुढे नेऊन बसवला,
गेटपासून अकरा किलोमीटर.
त्याने पेढे आणले. मी खाल्ले.
त्याचा अपमान वाचवला की मालकांचा शब्द राखला,
हे पेढा संपेपर्यंत ठरलं नव्हतं.
अजूनही नाही.

या एप्रिलात आमचीच वरची खोली रिकामी झाली.
मुलगा हैदराबादला गेला, कॉट आणि पंखा राहिला.
रजिस्टर घरी नेलं, जे नियमात बसत नाही,
आणि मालकाच्या रकान्यात लिहिलं:
सुधाकर डोमाजी वैरागडे, गिट्टीखदान.
खोल्या: एक, आणि गच्चीचा अर्धा भाग.
पाणी: एक दिवसाआड.
सातव्याशी आलो तेव्हा
कुंदा ताटं उचलता उचलता म्हणाली,
"लिहा, शाकाहारी."

रविवार होता. ताटाच्या कडेला
सावजीच्या तर्रीचा लाल ओघळ वाळत होता.
मी ताटाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.
"आपलं वेगळं," ती म्हणाली,
"आपला वास आपल्याला माहीत आहे."
मी पेनाचं टोपण लावलं.

सोमवारी पहिला नंबर लालरिनपुईचा.
नवरा लेहला, प्रतीक्षायादीत एकशे त्र्याण्णव.
कडेवरचं पोर माझ्या कूलरकडे
तोंड उघडून पाहत होतं.
ती सरळ म्हणाली,
"भैया, बिंदीवाले घर मत दिखाना.
तिर्की भैया ने सब को बता रखा है."

सब को.
बावीस वर्षांची माझी गुप्त लिपी
लाईनीतल्या प्रत्येकाला पाठ होती,
आणि एकानेही मला कळू दिलं नव्हतं.

तिला मराठी वाचता येत नव्हतं.
नावांच्या आधीची जागा तेवढी
बोटाने तपासत ती खाली खाली आली
आणि शेवटच्या ओळीवर थांबली.
"ये वाला? इसमें बिंदी नहीं है."

पेन्सिल माझ्या कानावर होती.
मी म्हणालो, पानी एक दिन छोड़ के आता है.
"चलेगा."
तीन किलोमीटर पड़ेगा, ऑटो नहीं मिलता.
"चलेगा."
वरची खोली आहे, दुपारी तापते,
हे मराठीतच निघालं तोंडातून.
ती मान हलवत राहिली.
मग पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं
आणि कोऱ्या सातव्या रकान्यावर बोट ठेवून
तिनेच विचारलं,
"और?"