समय्या काय सांगायचा

तेंदूपत्त्याच्या गोदामामागे
ताडपत्री बांधून व्हिडिओ लागायचा, तिकीट दोन रुपये.
तेलुगू येणारे पुढे, चटईवर.
आम्ही न येणारे मागे, पोत्यांवर,
समय्या दुर्गमच्या भोवती.
एका बिडीबंडलात तो अख्खा पिच्चर मराठीत सांगायचा.

माझा बाप वनरक्षक, वडशाहून सिरोंच्याला बदलून आलेला.
मला तेव्हा दोनच शब्द येत, नीळ्ळू आणि रा.
पाणी, आणि ये.
बाकीचं जग समय्याच्या तोंडून यायचं,
जरा उशिरा, धुरासकट.
हिरो बोलला की तो छाती काढायचा,
व्हिलन बोलला की आवाज विहिरीत सोडायचा,
आणि नाच सुरू झाला की म्हणायचा,
"याच्यात काई नाई गा, बाई सुंदर हाये, एवढाच अर्थ."

एक पिच्चर डोक्यातून गेला नाही.
ताडी काढणाऱ्याच्या घरचा मोठा पोरगा
बारा वर्षांनी परत येतो.
कथेत नवं काय? काही नाही.
हरवलेला पोरगा आपल्याकडे दर तिसऱ्या दंडारीत परत येतो.
पण दारात उभ्या त्याच्याकडे न पाहता
माय कणगीकडे वळते,
आणि समय्या सांगतो,
"माय म्हनते, उशीर केलास बापू,
भात तं निवला,
पन चूल मी विझूच देल्ली नाई."

पोत्यांवर कोणी हललं नाही.

हे वाक्य मी कुठे कुठे वापरलं!
लग्नाआधी सुलभाला पत्रात लिहिलं, थोडं बदलून.
बाप गेला तेव्हा उशिरा पोचलेल्या भावाला म्हटलं.
पुतण्या म्हणाला, काका, तिकडचे पिच्चर म्हणजे
सारं इकडून तिकडून ढापलेलं,
तर त्याला हेच ऐकवलं. म्हटलं, हे ढापून दाखव.

मान्य आहे, आता हिरोच्या आधी त्याचा बूट येतो,
तोही तीनदा.
ट्रक हवेत जातो आणि लुंगीची घडी मोडत नाही.
तरी शुक्रवारी प्राणहितेचा पूल ओलांडून मी जातोच.
नव्याण्णव वेळा बूट.
एखाद्या वेळी कोणीतरी कॅमेरा
भलत्याच जागी नेऊन ठेवतो,
आणि परतताना पुलावर माझी गाडी आपोआप हळू होते.

गेल्या उन्हाळ्यात तो पिच्चर मोबाईलवर सापडला.
आता मला तेलुगू येते,
मिरचीच्या सौद्यात भांडता येईल इतकी.
दार आलं. पोरगा आला. माय कणगीकडे गेली
आणि काहीच बोलली नाही.

मी मागे नेलं, पुन्हा लावलं, कानाशी धरलं.
दीड मिनिट फक्त शेर तांदळात बुडल्याचा आवाज.
एक शेर.
मग थांबून, आणखी अर्धा.
तिचा चेहरासुद्धा दाखवला नाही.
कोण हा माणूस,
एवढ्या हाणामारीच्या पिच्चरमध्ये
ज्यानं कॅमेरा सुपाच्या उंचीवर बसवला
आणि वाजवणारे सारे बाहेर काढले?
नाव पाहावं तर सुरुवातीच्या पाट्याच कापलेल्या.

समय्या आता नदीकाठी जाळं सांधत बसतो.
म्हटलं, ती माय बोललीच नाही.
"नव्हतीच बोलत."
मग?
"मंग काय! दीड मिनिट सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते.
बिडी तं मी आधीच घेतली होती."
दोऱ्याची गाठ दातानं तोडत म्हणाला,
"तो मोठा मानूस गा. त्याले चूप राहाता आलं."

काल सुलभाला घेऊन गेलो, पुलापलीकडे, रात्रीच्या शोला.
ती ब्रह्मपुरीची. तिचं तेलुगू अजून नीळ्ळूपुरतंच.
बुटानंतर, ट्रकनंतर, मध्येच
रिकाम्या बसस्टँडवर एक म्हातारा,
मांडीवर कोणाची तरी चप्पल घेऊन बसलेला.
बोलेना. कितीतरी वेळ बोलेना.
तिनं कोपर मारलं,
"काय म्हणते तो?"

मी घसा खाकरला.