सोळा चुका माफ

क्वेन, एकूण तीनशे दहा प्रश्न आहेत.
त्यातले तेहतीस येतील शनिवारी, कुठलेही.
सतरा बरोबर आले की झालं.
म्हणजे सोळा चुका माफ.
आठवतं, सूतगिरणीत
तीन धागे तुटले की बोनस कापायचे?
देश म्हातारपणी मऊ झालाय.
किंवा हा तो देशच नव्हे.

माझं दुकान म्हणजे स्टेशनबाहेरची टपरी,
साडेतीन पावलं लांब.
पहाटे ट्यूलिपचे देठ तिरके छाटताना घोकते:
राज्यं सोळा.
संसदेची निवडणूक चार वर्षांनी.
ईस्टरला लोक अंडी रंगवतात.
बोटांची लाकडं होतात थंडीनं,
जीभ मात्र एकोणसाठाव्या वर्षी वळायला लागलीय.

प्रत्येक प्रश्नाखाली चार चौकटी.
खूण एकीतच करायची.
एक प्रश्न असा:
पूर्वेकडच्या त्या जुन्या देशात
परदेशी कामगार कुठून आले?
व्हिएतनाम, पोलंड, मोझांबिक.
मी पेन इतकं दाबलं की
खूण खालच्या पानावर उमटली.
छापील कागदावर, क्वेन,
आपण पहिल्यांदाच बरोबर उत्तर म्हणून आलो.

त्याच्या पुढचं मात्र विचारत नाहीत.
माणशी पाच चौरस मीटर खोली.
आणि दिवस गेले तर?
चौकटी दोनच होत्या तेव्हा,
विमान नाहीतर दवाखाना.
मंगळवारी तू गेलीस,
बुधवारी यंत्रासमोर उभी होतीस.
तुझ्या बाजूचे धागे मी जोडत होते.
तू म्हणालीस, पाणी दे.
एवढंच म्हणालीस.

भिंत कधी पडली?
नऊ नोव्हेंबर, एकोणनव्वद.
हे मला पाठ करावं लागत नाही,
आपली तिसरी पाळी होती.
सकाळी बदलीला निम्म्या बायका आल्याच नाहीत,
पश्चिम बघायला गेल्या कोट घालून.
आपण दोघींनी बारा यंत्रं ओढली
कारण थांबा म्हणायला कुणी नव्हतं.

मग तीन हजार मार्क आणि परतीचं तिकीट.
तू सही केलीस.
मी केली नाही. का, ते अजून नीट सांगता येत नाही,
सुदैवानं तो प्रश्न यादीत नाही.
कार्ल-मार्क्स-श्टाटचंच पुढच्या उन्हाळ्यात केम्निट्झ झालं.
गावानं नाव बदललं,
त्याची परीक्षा कुणी घेतली नाही.

या मंगळवारी एक घोटाळा झाला.
कागद संपला होता,
शेवंती गुंडाळायला प्रश्नांचं पानच घेतलं गेलं,
आणि ते गेलं हेर लोरेन्त्सबरोबर.
हो, तोच, आपल्या पाळीचा मुकादम.
आता दर मंगळवारी बायकोच्या थडग्यावर फुलं नेतो,
मोड मोजून देतो, माझ्याकडे बघत नाही.

गुरुवारी पान परत घेऊन आला.
पाण्यानं भिजलेलं, मग इस्त्री केलेलं.
पेन्सिलीनं सोडवलेलं सगळं.
मी तपासलं, चार चुकलेत.
भिंतीच्या प्रश्नाला चारही चौकटी कोऱ्या,
शेजारी बारीक अक्षरात:
मी झोपलो होतो.
सकाळी तुम्ही दोघींनी सांगितलं,
पण तुमचं जर्मन तेव्हा मला कळलं नाही.

मी वाचेपर्यंत तो ट्रामच्या थांब्याकडे वळला होता.
हाक मारावी असं वाटलं.
काय म्हणून मारणार, मुकादम?
ट्यूलिप बादलीत ठेवली.
छाटल्यावरही वाढतात ती, माहीत आहे तुला?
एका रात्रीत बोटभर,
म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं की गुच्छ वाकडा झाला.

ते पान मी गल्ल्याच्या आत चिकटवलंय.
चार चुका लाल पेननं दुरुस्त केल्या आधी,
राहवलं नाही.

शनिवारी नऊला बोलावलंय, ओळखपत्र घेऊन.
शनिवार म्हणजे खरा धंद्याचा दिवस.
टपरीवर पाटी लावेन, बारापर्यंत बंद.
कारण लिहू की नको, ठरत नाही.